नुकसानीची पातळी

कीटकशास्त्राच्या सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले
की पातळी ओलांडली समजा,
मग वाट बघू नका.
मी लाल पेनानं अधोरेखित केलं.
परीक्षेला हमखास येतं.

आता वसतिगृहाच्या गच्चीवर
वाळत घातलेल्या ॲप्रनांच्या मधे
निखत विचारते, एकूण किती वेळा?
मी बोटं उघडते, मिटते.

पहिल्यांदा ट्रॉलीत.
कापसाच्या प्लॉटवरून परतताना
खड्डा नव्हता तिथंही त्याचा हात येऊन पडला.
मी मलाच म्हणाले, खड्डा असेल.
दुसऱ्यांदा बियाण्यांच्या लॅबमधे,
उगवणपेटीपाशी. तेव्हा दोघं होते,
एक दाराला टेकून.
तिसऱ्या वेळेचं सांगताना
मी टाकीकडं बघत राहिले.
टाकी भरून वाहायली होती.
कुणीतरी मोटार बंद करायला पाहिजे होती.

गुलाबी बोंडअळीचं असं असतं,
ती आत शिरली की छिद्र आपोआप बुजतं.
बोंड वरून हिरवंगार, टणक.
नोंदवहीत 'निरोगी' लिहून आले असते
तर कुणी काही म्हटलं नसतं.

तक्रारपेटी ग्रंथालयाच्या जिन्याखाली.
कुलूप गंजलंय, फटीत चिप्सचं पाकीट कोंबलंय.
समितीच्या फलकावर पहिलं नाव ज्या मॅडमचं
त्यांची बदली झाली उन्हाळ्यातच.

बाबा मानवतला जिनिंगच्या काट्यावर बसतात.
काटा खोटं बोलत नसतो बाई, म्हणतात.
पण आधी ते काय तोलतील ते मला पाठ आहे:
धाकटीची बारावी, भावकी,
परभणी ते मानवत बसमधे ओळखीचे किती.
आणि माय एवढंच विचारील,
काहून मागं बसलीस? म्होरं बसायचं ना, ड्रायव्हरजवळ.

फवारणीत मित्रकीटकही मरतात,
हेही सरांनीच सांगितलेलं. ढालकिडा, क्रायसोपा.
दाराला टेकलेल्या त्यानं
पहिल्या सत्रात मला नोट्सची झेरॉक्स आणून दिली होती.
ताप आला तेव्हा गेटपर्यंत डबा.
त्याचं नाव लिहायचं का?
निखत कपडे काढता काढता म्हणते,
दार त्यानंच धरलं होतं ना?

मग मला प्रांजली आठवते.
दुसरं सत्र झालं आणि आलीच नाही,
लग्न ठरलं म्हणे.
हजेरीत तिचा नंबर अजून निघतो.
सर पुकारतात, कुणी ओ देत नाही,
आणि मागच्या बाकावर खसखस पिकते.
मला वाटायचं, सर विसरतात म्हणून हसतात.

म्हणजे सापळा आधीच भरला होता.
आणि मी माझ्याच तीन रात्री मोजत बसले,
एकटं झाड मोजत बसावं तशी.
पातळी झाडाची नसते, शेताची असते.
हे मात्र मी अधोरेखित केलं नव्हतं.

रात्री साडेबारा.
प्रति लिहिलं. महोदय की महोदया, तिथं अडले.
विषय लिहिलं आणि पुढं
बराच वेळ नुसता कागद.
'छेडछाड' हा शब्द शाळेतल्या खोड्यांसारखा वाटला, खोडला.
दुसरा लिहायला हात धजेना.
उद्या अकराला प्रॅक्टिकल आहे,
तीच बॅच, तीच ट्रॉली.
सकाळी हे कुणाच्या हातात देईन का
मला खरंच माहीत नाही.

निखतनं माझी पेन्सिल काढून घेतली,
पेन दिला, भिंतीकडं तोंड करून झोपली.
मग अर्ज बाजूला सारला
आणि आम्हाला शिकवलेत तसे रकाने आखले.

दिनांक. वेळ. ठिकाण.
हवामान: निरभ्र.
वारा: मंद.
रस्ता: डांबरी, सपाट.
खड्डा नव्हता.